लॅपटॉपचे फर्मवेअर अद्ययावतीकरण

लॅपटॉपचे फर्मवेअर अद्ययावतीकरण म्हणजे मदरबोर्डावरील चिपमध्ये साठवलेली मूलभूत आज्ञावली पुसून तिच्या जागी उत्पादकाने दिलेली नवी आवृत्ती बसवण्याची क्रिया होय. व्यवहारात तिला ‘बायोस अपडेट’ असे म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीम बिघडल्यास ती पुन्हा टाकता येते. परंतु फर्मवेअर बिघडल्यास लॅपटॉप सुरूच होत नाही, त्यामुळे तो दुरुस्त करण्याची नेहमीची साधनेही हाताशी राहत नाहीत. दुसऱ्या बाजूला, अद्ययावत न केलेल्या फर्मवेअरमधील सुरक्षादोष उघडेच राहतात. यामुळे असे अपडेट समोर आल्यावर ते बसवावे की थांबावे, हा प्रश्न घरगुती वापरकर्त्याला जसा पडतो, तसाच वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांनाही पडतो.

संज्ञा आणि स्वरूप

‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात प्रथम वापरला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधला, असा त्याचा आशय होता. ‘बायोस’ ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या संचालन प्रणालीतून आली आणि १९८१ च्या आयबीएम पीसीमुळे रूढ झाली. आजच्या लॅपटॉपमध्ये जुन्या अर्थाने बायोस नसून यूईएफआय ही पद्धत असते. तिचे मानक २००५ मध्ये स्थापन झालेला यूईएफआय फोरम ठरवतो. नाव मात्र बायोस हेच लोकांच्या तोंडी राहिले आहे.

बटण दाबल्यावर सर्वप्रथम हीच आज्ञावली चालते. ती प्रोसेसर व मेमरी कामाला लावते, जोडलेली उपकरणे तपासते आणि नंतर विंडोज किंवा लिनक्सकडे सूत्रे सोपवते. ती एका छोट्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये असते. याशिवाय बॅटरी, पंखा व कीबोर्ड सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर, थंडरबोल्ट पोर्ट आणि एसएसडी यांचे फर्मवेअर वेगळे असते. उत्पादकाच्या एकाच अपडेटमध्ये यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात.

अद्ययावतीकरण कसे बिघडते

फ्लॅश चिपवर थेट लिहिता येत नाही. आधी एक पूर्ण विभाग पुसावा लागतो आणि मग त्यात नवा मजकूर भरावा लागतो. जुने पुसले गेले आहे आणि नवे अजून भरले नाही, अशा क्षणी वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट आज्ञावली उरते. लॅपटॉप या बाबतीत डेस्कटॉपपेक्षा सुरक्षित आहे, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो. हा दिलासा अर्थातच बॅटरी चांगली असेल तोवरच. चार-पाच वर्षे वापरलेल्या आणि चार्जर काढताच बंद पडणाऱ्या लॅपटॉपला तो लागू होत नाही; भारतात असे लॅपटॉप वापरात पुष्कळ आहेत. मे महिन्यातील वळवाच्या पावसात मराठवाड्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे उत्पादक चार्जर जोडलेला आणि बॅटरीही चार्ज झालेली, अशा दोन्ही अटी का घालतात ते कळते.

वीज न जाताही बिघाड होतो. नव्या आवृत्तीतच चूक असू शकते. तसेच अपडेटनंतर सेटअपमधील निवडी अनेकदा मूळ पदावर येतात. मग डिस्कची रीत बदलल्यामुळे विंडोज सुरू होत नाही, किंवा आभासी यंत्रांसाठी लागणारी व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद झालेली आढळते. हे बिघाड किरकोळ असून सेटअपमध्ये जाऊन दुरुस्त करता येतात. परंतु कारण ठाऊक नसलेल्या माणसाला लॅपटॉप निकामी झाल्यासारखाच वाटतो.

तिसरी अडचण बिटलॉकरची. डिस्क कूटबद्ध असेल तर तिची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते. ही चिप फर्मवेअर ओळखीचे आहे का, हे पाहूनच किल्ली देते. फर्मवेअर बदलल्यावर ती नकार देऊ शकते आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत मायक्रोसॉफ्ट खाते वापरल्यास ही कूटबद्धता बहुधा आपोआप सुरू होते. आपली डिस्क कुलूपबंद आहे, हे अनेक विद्यार्थ्यांना पहिल्यांदा याच पडद्यावर समजते. किल्ली सहसा त्या खात्यात जतन असते. पण खाते दुकानदाराने विक्रीच्या वेळी स्वतःच्या ईमेलवरून उघडून दिले असेल तर ती मिळवणे अवघड जाते आणि प्रकल्प, छायाचित्रे, हिशेब सगळेच हातचे जाऊ शकते. म्हणून अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे आणि किल्ली कागदावर उतरवून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम मानावे लागेल.

नोंदल्या गेलेल्या घटना

३ जानेवारी २०१८ रोजी प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले. त्यांवरचा उपाय म्हणून इंटेलने नवा मायक्रोकोड दिला आणि लॅपटॉप कंपन्यांनी तो बायोस अपडेटमधून घाईने पोहोचवला. थोड्याच दिवसांत हॅसवेल व ब्रॉडवेल पिढीचे संगणक अकारण पुन्हा सुरू होऊ लागल्याचे दिसून आले. २२ जानेवारीला इंटेलने स्वतःच या आवृत्त्या बसवणे थांबवावे असे कळवले. डेल, एचपी आदींनी आपली अपडेट्स मागे घेतली. सुधारित मायक्रोकोड त्यानंतरच्या आठवड्यांत आला. ज्यांनी पहिल्याच दिवशी अपडेट बसवले त्यांना त्रास झाला आणि जे महिनाभर थांबले त्यांना तोच उपाय विनासायास मिळाला.

मे २०२४ मध्ये एचपी प्रोबुक ४५५ जी७ या लॅपटॉपच्या अनेक मालकांनी बायोस अपडेटनंतर यंत्र सुरूच होत नसल्याच्या तक्रारी केल्या. त्यांपैकी काहींच्या लॅपटॉपवर ते अपडेट आपोआप बसले होते. विंडोज ८ पासून फर्मवेअरही विंडोज अपडेटमार्फत येऊ शकते. त्यामुळे ज्या प्रश्नाची येथे चर्चा चालू आहे तो अनेकांना विचारलाच जात नाही; ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दाबले की निर्णय झालेला असतो.

याउलट, अपडेट न केल्यामुळे यंत्र बिघडल्याचेही उदाहरण आहे. २०१७ ते २०१९ या काळातील लेनोव्होच्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलरच्या जुन्या फर्मवेअरमुळे कालांतराने यूएसबी-सी पोर्ट काम करेनासे होत. चार्जिंगही त्याच पोर्टातून होत असल्याने हे गंभीर होते. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले आणि ते तातडीने बसवण्यास सांगितले. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबतही २०२४ मध्ये असेच घडले: ऑगस्टमध्ये आलेला मायक्रोकोड पुढची हानी रोखणारा होता, आधीच झालेली हानी मात्र तो भरून काढू शकत नव्हता. अशा प्रकरणांत थांबणे हीच चूक ठरते.

न बसवण्यातील धोका

फर्मवेअरवरील हल्ल्याची जगाला पहिली मोठी जाणीव सीआयएच या विषाणूने करून दिली. तैवानमधील चेन इंग-हाऊ याने तो लिहिला होता. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने असंख्य संगणकांच्या डिस्कवरील माहिती पुसली आणि शक्य तेथे बायोसही खराब केले. त्या दिवशी चेर्नोबिल दुर्घटनेला तेरा वर्षे झाली असल्याने त्याला ‘चेर्नोबिल विषाणू’ असेही म्हणतात.

आताचे हल्ले नासधूस करण्याऐवजी लपून राहण्यासाठी केले जातात. २०१८ मध्ये ईसेट या कंपनीने उघडकीस आणलेला ‘लोजॅक्स’ फर्मवेअरमध्येच घर करत असल्याने विंडोज नव्याने टाकून किंवा डिस्क बदलूनही जात नव्हता. जून २०२१ मध्ये डेलच्या ‘बायोसकनेक्ट’ या सोयीतील दोष जाहीर झाले. त्यांची व्याप्ती सुमारे ३ कोटी संगणकांपर्यंत होती. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘लोगोफेल’ हे दोष तर सुरुवातीला दिसणारे कंपनीचे बोधचिन्ह वाचणाऱ्या आज्ञावलीत निघाले. भारतात अशा दोषांविषयीच्या सूचना सर्ट-इन ही केंद्र शासनाची संस्था तीव्रतेच्या श्रेणीसह प्रसिद्ध करते.

यात आणखी एक कालमर्यादा आहे. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. त्यामुळे लॅपटॉप बंद पडत नाही; मात्र नवी प्रमाणपत्रे न मिळालेल्या यंत्रांना सुरुवातीच्या टप्प्यासाठीची पुढील सुरक्षा अपडेट्स मिळू शकत नाहीत. काही जुन्या लॅपटॉपना ही प्रमाणपत्रे नीट स्वीकारण्यासाठी आधी उत्पादकाचे फर्मवेअर अपडेट लागते.

निर्णय कशावरून घ्यावा

‘चालते आहे तोवर हात लावू नका’ हा दुरुस्ती करणाऱ्यांचा जुना सल्ला फ्लॉपीवरून बायोस भरण्याच्या काळात रास्त होता. आज तो सरसकट मानता येत नाही आणि सरसकट टाकूनही देता येत नाही. पहिले पाऊल म्हणजे उत्पादकाच्या संकेतस्थळावरील त्या आवृत्तीची टीप वाचणे. तीत सुरक्षादोषांचे सीव्हीई क्रमांक, पोर्ट किंवा बॅटरीला हानी पोहोचवणारा दोष, किंवा ‘तातडीचे’ असा शेरा असेल तर अपडेट लांबवण्यास कारण लागते. केवळ एखाद्या नव्या डॉकला आधार किंवा आपल्याकडे नसलेल्या उपकरणाची सुधारणा असेल तर ते बसवण्यास कारण लागते. आपल्याकडे सध्या कोणती आवृत्ती आहे हे विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडल्यावर दिसते.

दोष उघडपणे वापरला जात नसेल तर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर दोन ते चार आठवडे थांबणे श्रेयस्कर. २०१८ सारखी सदोष आवृत्ती सहसा एवढ्या काळात मागे घेतली जाते. मात्र थांबणे आणि विसरणे यांत फरक आहे. खूप मागे राहिलेल्या लॅपटॉपला काही वेळा मधल्या एखाद्या आवृत्तीवरूनच पुढे जाता येते.

परत फिरता येईल का, हा प्रश्न आधीच विचारायला हवा. अनेक उत्पादक सुरक्षेसाठी जुन्या आवृत्तीकडे जाण्याचा मार्ग बंद ठेवतात. जुना दोष मुद्दाम परत आणता येऊ नये, हा त्यामागचा हेतू असतो. नवी आवृत्ती न रुचल्यास अशा यंत्रांत पुढच्या आवृत्तीची वाट पाहण्याखेरीज इलाज नसतो. दुसरीकडे, व्यावसायिक श्रेणीच्या अनेक लॅपटॉपमध्ये फर्मवेअरची राखीव प्रत असते आणि मुख्य प्रत खराब झाल्यास तिच्यातून ते स्वतः सावरतात. एचपीची ‘शुअर स्टार्ट’ ही सोय या प्रकारची आहे. स्वस्त घरगुती लॅपटॉपमध्ये अशी सोय असेलच असे नाही, आणि ज्यांच्याकडे एकच लॅपटॉप आहे ते बहुधा हाच घेतात.

उद्या परीक्षा, मुलाखत किंवा विवरणपत्र भरण्याचा अखेरचा दिवस असेल तर अपडेट आज करू नये, हे तांत्रिक ज्ञानाशिवायही समजण्यासारखे आहे.

वाळूज येथील औद्योगिक वापर

वाळूज हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्यातील गाव अहिल्यानगर रस्त्यावर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आणि १९८५ मध्ये सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना यांमुळे येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादार कारखान्यांचे जाळे तयार झाले. अशा कारखान्यांत देखभाल विभागाचा लॅपटॉप हा टपाल पाहण्याचा संगणक नसून एक अवजार असतो. पीएलसीमधील प्रोग्राम वाचणे व बदलणे, सीएनसी यंत्रात प्रोग्राम चढवणे, सर्वो ड्राइव्हची मूल्ये तपासणे ही कामे त्यावर होतात.

जुन्या पीएलसीचे सॉफ्टवेअर केवळ विंडोज एक्सपीवर चालत असल्याने ते नव्या लॅपटॉपमध्ये आभासी यंत्र करून ठेवण्याची पद्धत रूढ आहे. फर्मवेअर अपडेटने व्हर्च्युअलायझेशन बंद झाले की हे आभासी यंत्र उघडत नाही. रात्रपाळीत लाइन थांबलेली असताना हे लक्षात आल्यास दोष पीएलसीचा, केबलचा की लॅपटॉपचा, हे शोधण्यातच वेळ जातो. सुट्या भागांचा पुरवठा तासांच्या हिशेबाने चालत असल्यामुळे तो वेळ महाग पडतो. काही सॉफ्टवेअरचे परवाने यंत्राच्या ओळखीशी बांधलेले असतात. मदरबोर्ड बदलावा लागला तर परवानाही पुन्हा मिळवावा लागतो.

याचा अर्थ कारखान्याने अपडेट टाळावे असा नाही. हाच लॅपटॉप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरत असतो आणि अनेकदा बाहेरच्या सेवा अभियंत्याचा पेनड्राइव्हही त्यालाच लागतो, म्हणून त्याची सुरक्षा कार्यालयातील संगणकापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. योग्य मार्ग असा की, सेटअपमधील निवडींची छायाचित्रे काढावीत, पीएलसी प्रोग्राम व आभासी यंत्राची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप असल्यास आधी एकावर अपडेट करून काही दिवस पाहावे, आणि हे काम साप्ताहिक सुटीच्या दिवशी करावे.

बिघाडानंतरची दुरुस्ती

अपडेट चालू असताना पडदा काही मिनिटे काळा राहणे, पंखा पूर्ण वेगाने फिरणे आणि यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद-सुरू होणे हे स्वाभाविक आहे. घाबरून पॉवर बटण दाबून धरल्याने चांगला चाललेला अपडेट बिघडू शकतो. किमान अर्धा तास वाट पाहावी. त्यानंतरही काही न घडल्यास उत्पादकाने दिलेली रिकव्हरीची रीत वापरतात. बहुतेक ठिकाणी ती विशिष्ट कळा दाबून पेनड्राइव्हवरून फर्मवेअर भरण्याची असते.

तीही न चालल्यास दुरुस्ती करणारे फ्लॅश चिपला क्लिप लावून किंवा ती काढून प्रोग्रामरच्या साहाय्याने त्यात थेट फर्मवेअर भरतात. बाजारात याला ‘बायोस मारणे’ म्हणतात. काम मोठे नसले तरी एक काळजी आवश्यक असते. लॅपटॉपचा सीरियल क्रमांक, नेटवर्कची ओळख आणि विंडोजचा परवाना क्रमांक बहुधा याच चिपमध्ये असतो. दुसऱ्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी भरल्यास यंत्र सुरू होते, पण त्याची ओळख दुसऱ्याची होते आणि मूळ विंडोज परवाना नाहीसा होतो. त्यामुळे काहीही भरण्यापूर्वी चिपमधील आहे तो मजकूर, खराब झालेला असला तरी, वाचून जपून ठेवण्यास दुरुस्ती करणाऱ्याला सांगावे; सीरियल क्रमांक व परवाना त्यातून बहुतेक वेळा परत मिळवता येतात.