पावसाळा घाटावर, हिवाळा घाटाखाली
लेखमाला : काम बरोबर, मुक्काम कुठे? (भाग ५)

गेल्या चार भागांत आपण कामाचा करार, इंटरनेटची जोडणी, परदेशातून येणारे पैसे आणि आरोग्यविमा अशी सगळी पूर्वतयारी पाहिली. आता मुक्कामाकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडीहून, बेंगळुरूहून किती तरी मुलंमुली कोल्हापूरला घरी परतली. काहींना कंपन्यांनी पुन्हा बोलावून घेतलं. काहींनी मात्र घरूनच काम चालू ठेवलं, काहींनी नोकरी सोडून परदेशातली कामं थेट घ्यायला सुरुवात केली. आता त्यांच्या मनात येतं, की काम लॅपटॉपवर चालतं तर आपण एका जागी का बसावं? समुद्राकाठी का राहू नये? असं फिरत काम करणाऱ्यासाठी डिजिटल नोमॅड हा शब्द त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ मधल्या पुस्तकाने रूढ केला, तेव्हा ती भविष्यातली कल्पना वाटत होती. आज कोल्हापुरातल्या घराघरांत तिची चर्चा होते, आणि ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : गोवा की बाली?

मला हा प्रश्न अपुरा वाटतो. तो बारा महिन्यांसाठी एकच गाव मागतो, आणि उष्ण कटिबंधात बारा महिने काम करायला सारखंच सोयीचं असं गाव जवळपास नसतंच. म्हणून गाव निवडण्याआधी तिथला पाऊस, आपल्या कामाचं घड्याळ, राहण्याचे कागद आणि शेजार या चार गोष्टी तपासाव्यात. चारही तपासल्या की कोल्हापूरकराच्या लक्षात येतं, की आपलं स्वतःचं गाव या यादीत बरंच वर आहे.

पाऊस

उष्ण कटिबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातली बेटं येतात. पण कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेसतरा अंशांवर आहे. नोमॅड मंडळींच्या आवडीचं थायलंडमधलं चियांग माई आपल्याही उत्तरेला येतं. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातच राहतो, फक्त साडेपाचशे मीटर उंचीवर. ती उंची आणि सह्याद्रीची आड यांमुळे इथला पाऊस सोसवतो. आपल्या एका जिल्ह्यातच हा फरक केवढा आहे पाहा : गगनबावड्याचा पाऊस शिरोळच्या जवळपास दहापट भरतो. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

लॅपटॉपवाल्याला भिजण्याची भीती नसते. त्याची अडचण विजेची. कोकणात वाऱ्याने माडाची झावळी तारांवर पडली की लाईट जाते, आणि ती कधी येईल हे वायरमनलाही सांगता येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातली अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. त्यातच करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांपैकी एखाद्या घाटात दरड आली तर वर येण्याचा रस्ताही लांबतो. गोव्यात वीज आणि रस्ते यांची स्थिती बरी असली, तरी जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचा निम्मा व्यवहार बंद असतो.

कोल्हापूरलाही पावसाचं दुखणं आहे आणि ते लपवून चालणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रं पाण्यात गेल्याने नळाला पाणी नव्हतं, अनेक भागांत वीज तोडावी लागली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. म्हणून बाहेरून येऊन इथे घर घेणाऱ्याला माझं सांगणं एकच असतं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या बाजूला घर पाहत असाल तर जिन्याखालच्या भिंतीकडे नजर टाका. रंग कितीही नवा असो, २०१९ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेजारचा दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो. तो हात कमरेच्या वर गेला तर घर सोडा. राजारामपुरीची चढण किंवा टेंबलाई टेकडीचा परिसर पाहा. तिथे महापुराच्या दिवसांतही घर कोरडं राहतं. नळाच्या पाण्याची टंचाई मात्र साऱ्या शहराबरोबर सोसावी लागते.

परदेशातल्या बेटांचं पावसाचं गणित आपल्या उलट आहे. बाली आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत. बालीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, मॉरिशसला चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. आपल्याकडे आषाढ-श्रावण चालू असतो तेव्हा तिथे कोरडी, निवळ हवा असते. म्हणजे डिसेंबरात बालीला जाणारा कोल्हापूरकर इथली उत्तम हवा सोडून तिथल्या पावसात जातो. चियांग माईला पावसापेक्षा धुराचा त्रास मोठा : फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतं आणि जंगलं जळतात, गाव डोंगरांच्या खोलगटात असल्याने धूर तिथेच कोंडतो, आणि मुरलेले नोमॅड त्या दिवसांत गाव सोडतात.

घड्याळ

तुमचं काम कोणत्या देशासाठी आहे, यावर तुमची रात्र ठरते. न्यूयॉर्कचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा कोल्हापुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. बालीत तेव्हा अनुक्रमे रात्रीचे नऊ आणि दहा. चार तासांची बैठक असेल तर कोल्हापूरचा माणूस मध्यरात्रीच्या आत झोपतो, बालीचा दोन वाजेपर्यंत जागतो. समुद्रावरचा सूर्योदय पाहायला तिथे गेलेला माणूस मग दुपारी उठतो. मॉरिशस मात्र आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे न्यूयॉर्कची सकाळ संध्याकाळी पाच-सहाला सुरू होते, म्हणजे जेवणाच्या वेळेला निम्मं काम उरकलेलं असतं.

लंडनच्या कामाला कोल्हापूर फार सोयीचं : त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. सिडनीचं काम असेल तर चित्र पालटतं. त्यांची सकाळ आपल्याकडे पहाटे साडेतीन-साडेचारला उजाडते, आणि बालीत किंवा मलेशियात सहा-सातला. सिडनीचं काम करणाऱ्यांसाठी पूर्वेकडे सरकण्याला अर्थ आहे. तेव्हा विमानाचं तिकीट पाहण्याआधी आपल्या आठवड्यातल्या बैठका कागदावर मांडा आणि त्या गावाच्या वेळेत लिहून काढा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

बालीला जाणाऱ्यांनी आणखी एक दिवस ध्यानात ठेवावा. तिथलं शकाचं नववर्ष म्हणजे न्येपी. मूळ शकगणनाच, त्यामुळे कधी कधी ते आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी येतं, जसं २२ मार्च २०२३ ला आलं होतं. त्या दिवशी चोवीस तास बेट पूर्ण शांत : विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, दिवे मंद. २०१८ पासून मोबाईलचं इंटरनेटही बंद ठेवतात. ती तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. कामाचं वेळापत्रक तिच्याभोवती आखायचं असतं.

कागद

मराठी माणूस समुद्रापार कामाला जाणं नवं नाही. १८३४ नंतर गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडचे लोकही होते. पोर्ट लुईसला ते जिथे उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांच्या वंशजांनी मराठी टिकवली, शाळांतून शिकवली, आणि गणेश चतुर्थीला तिथे आज सार्वजनिक सुट्टी असते. करारावर अंगठा उठवणाऱ्या त्या लोकांना त्यात काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं, म्हणून नीट वाचू या.

मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा एक वर्षाचा, विनाशुल्क. उत्पन्न मॉरिशसबाहेरचं हवं आणि महिन्याला किमान १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. थायलंडचा डीटीव्ही हा व्हिसा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला : पाच वर्षांची मुदत, एका वेळी १८० दिवस मुक्काम, खात्यात पाच लाख बाथ, म्हणजे बारा-चौदा लाख रुपये शिल्लक दाखवावी लागते. मलेशियाचा डे रांताऊ हा परवाना २०२२ पासून आहे. तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांना त्यासाठी वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्न लागतं. इंडोनेशियाचा दूरस्थ कामगारांसाठीचा एक वर्षाचा व्हिसा मात्र वर्षाला ६०,००० डॉलर मागतो, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या वर. बालीच्या फोटोंत हा आकडा दिसत नाही. तो जमत नाही म्हणून पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप काम करणारे असतात. त्या वाटेला जाऊ नका. पकडलं गेलं तर परत पाठवतात आणि पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात ते नडतं. या अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

गोवा आणि सिंधुदुर्गाला व्हिसा लागत नाही, पण कागद लागतोच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करार इतका अंगवळणी पडलाय, की चार महिन्यांसाठी घर घेताना लोक तोंडी व्यवहार करतात. तसं करू नका. गोव्यात शिवोली, आसगाव, हणजूण या भागात महिन्याच्या बोलीवर घर घेतलंत तर डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्याचं आधीच लिहून घ्या, कारण त्या दिवसांत पर्यटकांकडून रात्रीच्या हिशेबाने जे भाडं मिळतं त्यापुढे महिन्याचा भाडेकरू मालकाला परवडत नाही.

घर पाहताना

समजा तुम्ही वेंगुर्ल्याला घर पाहायला गेलात. माडाच्या सावलीतलं कौलारू घर, पुढे ओटी, समोर तुळस. ओटीवर उभं राहिलात की फोनला रेंज पूर्ण दिसते. मग माजघरात जा. जांभ्याच्या जाड भिंतींत तोच फोन मुका होतो. म्हणून कॉल लावून घरभर फिरा, दार लावून घेऊन बोला. भाड्याबरोबर मालकांना हेही विचारा, की काका, फायबर घरापर्यंत आलंय की खांबापर्यंत? लाईट गेली की इन्व्हर्टरवर राऊटर चालतो का, आणि किती वेळ? शेजारी कुणी पोरगा ऑनलाइन परीक्षा देतो का, तेही विचारा. त्याच्या आईइतकी खरी माहिती इंटरनेट कंपनीही देत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि राऊटरपुरता छोटा यूपीएस हवाच.

दुखलंखुपलं तर कुठे जायचं, तेही आधी विचारून ठेवा. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावा लागतो. ज्यांना नियमित तपासण्या लागतात किंवा ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांनी कोल्हापूरच्या सीपीआरसारखं (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठं रुग्णालय आणि तज्ज्ञ डॉक्टर हाकेच्या अंतरावर असणाऱ्या गावातच मुख्य बिऱ्हाड ठेवावं. आई आजारी असताना बालीतून तिकीट शोधणं आणि मालवणातून साडेतीन-चार तासांत घरी पोहोचणं यांत फार अंतर आहे.

शेजार

या सगळ्याचा मेळ कसा घालायचा? आपल्या भागात ते ज्ञान फार जुनं आहे आणि ते मेंढपाळ धनगरांकडे आहे. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा होते, दिवाळी उलटते, आणि देशावरचे धनगरांचे कितीतरी वाडे, म्हणजे तांडे, घाट उतरून कोकणाकडे निघतात. पावसाळ्याचे महिने घाटावरच्या कोरड्या माळाला, पाऊस सरल्यावरचे महिने कोकणातल्या कापणी झालेल्या शेतांत, आणि मृगाच्या आधी परत वर. त्यांचं निघणं आवडीवर नसतं, ऋतूवर असतं. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची : ज्या शेतात मेंढरांचा तळ बसतो त्या शेताला खत मिळतं, आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणून पुढच्या वर्षी त्या वाड्याची वाट पाहिली जाते.

लॅपटॉपवाल्यांनी हे दोन्ही शिकावं असं मला मनापासून वाटतं. २०२० नंतर गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर बाहेरच्या पगाराची माणसं आली, भाडी चढली, आणि तिथेच वाढलेल्या तरुण जोडप्यांना आपल्या गावात घर मिळेना. सिंधुदुर्गात अजून तसं झालेलं नाही. ते होऊ न देणं आपल्या हातात आहे. मागाल ते भाडं देतो असं म्हणून मालकाला सवय लावू नका. मासळी, भाजी, किराणा गावातून घ्या. येताय त्या काळात तिथल्या शाळेत आठवड्यातून एक तास संगणक शिकवा, एखाद्या खाणावळवाल्या ताईंचा ऑनलाइन हिशेब बसवून द्या. गावाला तुमचा उपयोग झाला, तर पुढच्या कार्तिकात तेच घर तुमच्यासाठी राखून ठेवलं जाईल.

तेव्हा कोल्हापूरकरासाठी माझी शिफारस स्पष्ट आहे. जून ते ऑक्टोबर कोल्हापुरात, उंचावरच्या घरात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मालवण, वेंगुर्ला किंवा दक्षिण गोव्यात, नोंदणी केलेल्या करारावर. मार्च-एप्रिलपासून खाली दमट उकाडा वाढतो, तेव्हा परत वर या. उत्पन्न अटींत बसत असेल आणि परदेशच पाहायचं असेल, तर ते जून ते सप्टेंबरात पाहा. न्यूयॉर्क-लंडनच्या कामाला मॉरिशस, सिडनीच्या कामाला बाली किंवा मलेशिया. आणि पहिल्या वर्षी कोल्हापूरचं बिऱ्हाड मोडू नका.

परदेशी मुक्कामाला कराची बाजूही आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलात तर तुम्ही करासाठी इथले निवासी, आणि जगभरातलं उत्पन्न इथेच दाखवावं लागतं. त्यापेक्षा कमी राहिलात म्हणून आपोआप सुटका होते असंही नाही. तिकडे थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस झाले की तिथला कायदाही तुमच्याकडे पाहू लागतो. दोन देशांच्या या हिशेबात गफलत कशी टाळायची, ते पुढच्या रविवारी.