‘परिस्थितीवर मात’च्या मागे कोण कोण असतं?

निकालाच्या आठवड्यात आमच्या डेस्कवर एक वाक्य सारखं टाइप होतं : ‘परिस्थितीवर मात करत मिळवलं यश’. मीही केलंय. आणि तुमच्या घरी कुणीतरी ते कात्रण तुमच्यापुढं धरलं असेलच. ‘बघ, त्याच्याकडं काय होतं? तरी केलंच ना त्यानं!’

मग अन्सार शेख यांची गोष्ट नीट वाचा. जालना जिल्ह्यातलं शेलगाव, वडील रिक्षाचालक. 2015 च्या यूपीएससी परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात 361 वा क्रमांक, तेही 21 व्या वर्षी. कात्रण इथं संपतं. पण चौथीत त्यांची शाळा सुटायचीच होती. शिक्षकांनी वडिलांना समजावलं, म्हणून पोरगं वर्गात राहिलं. धाकट्या भावानं सातवीतच शाळा सोडली, गॅरेजात काम धरलं आणि यांच्या शिक्षणाला हातभार लावला. पुण्यात तर खोली मिळेना म्हणून ‘शुभम’ नाव सांगावं लागलं. हे सगळं त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय.

मेहनत दोन्ही भावांनी केली. एकाच्या मेहनतीला रँक मिळाली, दुसऱ्याच्या मेहनतीला पगार.

अभ्यास सोडून द्या असं म्हणत नाहीये हं. फक्त उद्या सकाळी औसा बसस्टँडवर जरा आजूबाजूला बघा. लातूरच्या गाडीला झुंबड असते, त्यात तुम्हीही असता. शाहू, दयानंद, तो ‘लातूर पॅटर्न’, सगळं वीसेक किलोमीटरवर. त्यासाठी लांबलांबची पोरं लातुरात खोली करून राहतात. आपण डबा घेऊन जातो नि संध्याकाळी घरी येतो. हे अंतर आपण कमावलेलं नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. तो नसता तर बारावीच्या वर्गातल्या किती मैत्रिणी तुमच्यासोबत असत्या, मोजा बरं.

आणि दहावीला तुमच्या बाकावर बसणारा तो? गणितात तुमच्यापेक्षा हुशार होता ना? वडील आजारी पडले अन् तो दुकानात बसला. त्याचं कात्रण कुठंच नाही.

यंदा गुणवंतांच्या मुलाखतीत मी एक प्रश्न वाढवलाय : ‘तुम्ही अभ्यास करत होता, तेव्हा घरातलं काम कोण करत होतं?’ बहुतेक जण आधी गप्प होतात. मग एक नाव सांगतात. ते नाव छापायला मी दोन ओळी जास्तीच्या मागून घेते.