नारळ, मोबाइल आणि ९.८

रेवदंड्याच्या वाडीत दहा मीटर उंचीवरून नारळ सुटला, तर सुमारे १.४ सेकंदांत तो जमिनीवर असतो. स्टॉपवॉच घेऊन हे मोजायला गेलं, तर बटण दाबायला लागणारा उशीरच निकाल बिघडवतो. मोबाइलचा साधा कॅमेरा मात्र सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. म्हणजे त्या एका पडण्याच्या चाळीसहून जास्त नोंदी हाती येतात. डग्लस ब्राउन यांचं ‘ट्रॅकर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. प्रत्येक फ्रेममध्ये नारळावर खूण करत गेलं की स्थान, वेग आणि त्वरणाचे आलेख तयार होतात. त्यामुळे यासाठी महागडी प्रयोगशाळा लागते, हा समज सोडून द्यावा.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे : सॉफ्टवेअर उत्तर आपोआप बरोबर काढतं. त्याला फक्त पडद्यावरचे ठिपके कळतात; किती ठिपके म्हणजे एक मीटर, हे आपणच सांगायचं असतं. समजा, कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर चेंडू पडतो आहे आणि मापाची काठी त्याच्या ३० सेंटिमीटर मागे, भिंतीला टेकवली आहे. लांबची काठी लहान दिसते, म्हणून चेंडूचं प्रत्येक अंतर दहा टक्के फुगतं आणि गुरुत्वत्वरण ९.८ऐवजी १०.८ येतं. आलेख तरीही अगदी देखणा असतो! काठी चेंडूच्याच प्रतलात उभी केली की ही चूक जाते.

स्लो मोशन म्हणजे जास्त अचूक, असंही अनेकांना वाटतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याच्या रोपाची कित्येक दिवसांची वाढ मिनिटाभराच्या फिल्ममध्ये दाखवली होती. पडद्यावरचा वेळ आणि घटनेचा वेळ वेगळा असतो, तो असा. स्लो मोशनमध्ये हेच उलट घडतं. सेकंदाला २४० फ्रेमने टिपलेली फीत ३०च्या गतीने साठवली गेली आणि सॉफ्टवेअरला ते सांगितलं नाही, तर वेळ आठपट होतो. त्वरणात वेळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तर चौसष्टपट लहान : जेमतेम ०.१५. माझ्या मते अकरावीच्या वर्गात ही चूक एकदा मुद्दाम करून दाखवावी. वेळाचा वर्ग इतका ठळक दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आणि ९.८ आलं नाही म्हणजे प्रयोग फसला, असंही नाही. नारळ जमिनीजवळ येतो तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास ५० किलोमीटर असतो. तिथे हवेचा रोध वाढलेला असतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात त्वरण कमी भरणं स्वाभाविक आहे. वाळलेली झावळी पडताना टिपली, तर हा परिणाम कितीतरी ठसठशीत दिसेल. पुस्तकातला आकडा यावा म्हणून मुलांनी खुणा सरकवल्या, तर हा सगळा भाग हातचा जातो. उलट, एकाच फितीवर चार मुलांना वेगवेगळ्या खुणा करू द्याव्यात. चार उत्तरांतला फरक पाहिला की मापनातली अनिश्चितता म्हणजे काय, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

चित्रण मात्र झाडापासून लांब, बाजूने आणि नारळ पाडणाऱ्याला आधी सांगूनच करावं.