लायब्ररी वाचवण्यासाठी चक्क पुस्तकं जाळायचं आमंत्रण दिलं होतं!

‘२ ऑगस्टला लायब्ररी बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायच्या पार्टीला या!’

२०११ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ट्रॉय शहरात अशा पाट्या लागल्या. फेसबुकवर पेजही निघालं. लोक जाम भडकले.

झालं असं होतं की, पैशाअभावी शहराची लायब्ररी बंद पडायची वेळ आली होती. ती चालू ठेवायची तर कर थोडा वाढणार होता आणि त्यावर मतदान होतं. विरोधकांचा जोर इतका, की सगळी चर्चा कराचीच. पुस्तकांबद्दल कोणी बोलेना.

मग मतदानाआधी खरं बाहेर आलं. पाट्या लायब्ररीच्याच बाजूच्या लोकांनी लावल्या होत्या आणि आयडिया होती लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीची. ‘लायब्ररी बंद करणं म्हणजे पुस्तकं जाळणंच,’ हे त्यांना लोकांच्या गळी उतरवायचं होतं.

ते उतरलं. करवाढ मंजूर झाली, लायब्ररी वाचली.

लायब्ररीच्या मार्केटिंगचा विषय निघाला की हा किस्सा हमखास सांगतात. पण हीच युक्ती वाईट कामासाठीही चालते. म्हणून रागाच्या भरात शेअर करण्याआधी पाटी लावली कोणी, हे एकदा बघाच.