गावकीची भांडी आणि सर्व्हरच्या जोडण्या

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडता उघडत नाही, हे शिक्षकबंधूंना नवे नाही. दोष नेहमी गर्दीचाच असतो असे नाही. कधी कधी तो व्यवस्थेचा असतो. कसा, ते पाहू.

माहितीचा साठा म्हणजे डेटाबेस. त्याच्याशी बोलायचे तर आधी जोडणी करावी लागते, परवलीचा शब्द तपासावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसात तर दर जोडणीमागे एक स्वतंत्र प्रक्रिया उभी राहते. एवढा खटाटोप दर प्रश्नाला कोण करणार? म्हणून काही जोडण्या आधीच तयार ठेवतात. लागली की घ्यायची, काम झाले की परत ठेवायची. हाच कनेक्शन पूल. लग्नकार्यासाठी देवळात ठेवलेली गावकीची भांडी आठवा, म्हणजे झालं!

आता समजा, एका सर्व्हरवर हजेरी, फी, ग्रंथालय, निकाल अशी सहा ॲप्लिकेशने एकच डेटाबेस वापरतात. प्रत्येकाने २० जोडण्या अडवल्या, तर झाल्या १२०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० ची. ती वाढवता येते, पण मेमरीचा खर्चही वाढतो. शिवाय निकालाच्या दिवशी ग्रंथालयाच्या वीस जोडण्या रिकाम्या, आणि निकाल मात्र एकविसावीसाठी ताटकळत!

यावर तोड म्हणजे सामाईक पूल. टॉमकॅट सर्व्हरमध्ये तो मुख्य मांडणीच्या फाइलीत एकदाच लिहितात, ड्रायव्हर सामाईक 'लिब' फोल्डरात ठेवतात आणि प्रत्येक ॲप्लिकेशनातून त्याकडे दुवा देतात. कमाल संख्या मात्र आठवणीने लिहावी. न लिहिल्यास आठच जोडण्या मिळतात. सहांसाठी मिळून ६० ठेवल्या, तरी ज्याला गरज त्याला त्या मिळतात.

पण सामाईक वस्तूला सामाईक धोका असतो, बरं का! एका घराने भांडी परत केली नाहीत, तर साऱ्या गावाचे कार्य अडते. एका ॲप्लिकेशनाने जोडण्या परत केल्या नाहीत, तर बाकीची पाचही थांबतात. अडकलेली जोडणी काढून घेण्याची सोय टॉमकॅटात आहे, पण ती मुळात बंद असते. चालू करावी लागते. दुसरे असे, की पूल एक म्हणजे डेटाबेसातले अधिकारही एकच. ग्रंथालयाच्या ॲप्लिकेशनाला गुणांना हात लावू द्यायचा नसेल, तर त्याचा पूल वेगळा ठेवणेच शहाणपणाचे.

तेव्हा 'मोठे यंत्र घ्या' असे कोणी सुचवले, तर पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारा: जोडण्या एकूण किती, आणि परत न करणारा कोण?