आई-बाबांना नीट दिसत नाही, मग इन्सुलिनचा आकडा कोण बघणार?

तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेतं का? आई, बाबा, आजी, आजोबा, कुणीही. घेत असतील तर आज रात्री जेवणाआधी एक काम करा. मोबाइल बाजूला ठेवा, त्यांच्याजवळ बसा आणि ते इंजेक्शन कसं घेतात ते फक्त बघा. मध्ये बोलू नका, "असं नाही, तसं" म्हणू नका. पेनवरचा आकडा ते खरंच वाचतात, की सवयीने फिरवतात?

आमच्या घरी हे कुणी बघितलंच नव्हतं. माझे आजोबा बँकेच्या नोकरीत जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मधुमेह पंचवीस वर्षांचा, इन्सुलिन आठ वर्षांपासून. मधे कधीतरी त्यांनी पेपर वाचणं सोडलं. "आता त्यात वाचण्यासारखं काय असतं?" म्हणायचे. क्रिकेटचा स्कोअर आम्हाला विचारायला लागले. आम्हाला वाटलं, वय झालं.

मग संक्रांतीच्या दोन दिवस आधी पहाटे आजीने हाक मारली. आबा घामाने भिजले होते आणि काहीतरी असंबद्ध बोलत होते. शुगर ४८. साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने ते आम्हाला ओळखायला लागले. सकाळी बाबांनी विचारलं, "आबा, काल किती घेतलं होतंत?"

"चौदा. चौदा टिकटिक मोजल्या."

पेनवरचा आकडा त्यांना सहा महिन्यांपासून दिसत नव्हता.

टिकटिक मोजून का चालत नाही?

पेन फिरवलं की प्रत्येक युनिटला एक टिकटिक होते, म्हणून ती मोजणं अगदी बरोबर वाटतं. पण आकडा पुढे गेला म्हणून पेन उलट फिरवलं, तरीही टिकटिक होतेच. कुणी हाक मारली, दाराची बेल वाजली, की मोजणी चुकते. मी इंग्रजीत बीए केलंय, त्यामुळे औषधांच्या डब्यातले कागद वाचणं घरात माझ्याकडेच असतं. तरी पेनसोबत आलेला तो घडीचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. इतक्या बारीक अक्षरात की मलाच मोबाइलने मोठं करून वाचावं लागलं. त्यात लिहिलं होतं, टिकटिक मोजून डोस ठरवू नका, आकडा बघूनच ठरवा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांनी हे पेन शिकलेल्या माणसाच्या मदतीशिवाय वापरू नये. ज्याच्यासाठी ही सूचना आहे, त्यालाच ती दिसणार नाही अशा अक्षरात छापलेली!

सिरिंज वापरत असाल तर धोका आणखी मोठा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या काडतुसातलं १०० चं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. अडीचपट. उलट चूक झाली तर २० ऐवजी फक्त ८. आता मला सांगा, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात लाल आणि केशरी वेगळे दिसणार आहेत का? म्हणून घरात एकाच प्रकारची सिरिंज ठेवा. आणि पेन बिघडलं तरी काडतुसातलं इन्सुलिन सिरिंजने कधीच काढू नका.

डोळे कशामुळे जातात?

शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, झिरपतात, कधी त्यातून रक्तस्राव होतो. दुखत काहीच नाही. सुरुवातीला दिसतंही व्यवस्थित. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा असतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणणं म्हणजे ही तपासणी नव्हे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि दिसायला लागतं. पडद्याचं तसं नाही. लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने पुढचं नुकसान बऱ्याचदा थांबवता येतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आबांना दोन्ही निघालं.

शुगर खूप वरखाली होत असेल तेव्हा चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. नवा चष्मा करायची घाई करू नका, आधी काही आठवडे शुगर स्थिर होऊ द्या.

हातातून पेन काढून घेऊ नका

आबांना मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी पेन काढून घेतलं असतं."

आणि खरं सांगते, पहिल्या आठवड्यात आम्ही तेच केलं. बाबा टोचायचे. आबा भिंतीकडे बघत बसायचे. बाबांना ऑफिसमधून यायला उशीर झाला की जेवण थांबायचं, चिडचिड व्हायची. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, यात डोळे नेमके कुठे लागतात?

तुम्हीही मोजून बघा. डोळे लागतात ते बरोबर पेन आहे ना, त्यावरची तारीख, इन्सुलिनचा रंग आणि डोसचा आकडा बघायला. बाकी सगळं हात करतात. सुई बसवणं, पोटावर जागा शोधणं, टोचणं, बटण पूर्ण दाबून सावकाश दहापर्यंत मोजणं. एक गोष्ट तर हातांनाच जास्त चांगली कळते. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की त्वचेखाली गाठी होतात. त्या दिसत नाहीत, बोटांना लागतात. तिथे टोचलं तर इन्सुलिन कधी कमी लागू पडतं, कधी जास्त. आबा आता रोज आधी पोट चाचपतात आणि गाठ सोडून जागा निवडतात. या कामात आमच्यापेक्षा ते हुशार आहेत.

दोन प्रकारची इन्सुलिन असतील तर एका पेनला रबरबँड लावा. कोणत्या पेनला लावायचं ते तुम्ही नाही, त्यांनी ठरवायचं, म्हणजे लक्षात राहतं. दुधाळ रंगाचं इन्सुलिन असेल तर घेण्याआधी पेन तळहातांत दहा वेळा घोळवायचं आणि दहा वेळा वरखाली करायचं. ते एकसारखं दुधाळ झालं का, हे दिसणाऱ्या माणसाने बघायचं. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं तर वापरायचं नाही.

"मी मघाशी घेतलं का?" हा प्रश्न वय झालं की येतोच. त्यावर आजीने उपाय काढलाय. सकाळी ती एका वाटीत दिवसाच्या दोन नव्या सुया काढून ठेवते. प्रत्येक वेळी नवी सुई, त्यामुळे वाटी चाचपली की कळतं किती वेळा झालं. तरीही शंका असेल तर दुसऱ्यांदा कधीच घेऊ नका. शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

तुम्ही पुण्यात, आई-बाबा दुसऱ्या गावात? तर रोजची वेळ ठरवून व्हिडिओ कॉल करा. कॅमेरा पेनच्या आकड्यावर धरायला लावा, खाली गडद रंगाचा रुमाल ठेवा, ट्यूबलाइट लावा. काही इन्सुलिन सिरिंजमध्ये आधीच भरून फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण सगळं नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. 'बी माय आइज' हे ॲप २०१५ पासून आहे, त्यावर अनोळखी स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला मस्त. इन्सुलिनचा आकडा मात्र मी अनोळखी माणसावर सोडणार नाही, घरचं किंवा शेजारचं एक माणूस शिकवून ठेवा. शुगर बोलून सांगणारी मशीनही मिळतात. दंडाला लावायचा सेन्सर शुगर कमी झाली की मुलांच्या फोनवर अलार्म देऊ शकतो, पण तो ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो आणि खर्च चांगलाच होतो.

शुगर कमी झाली तर

७० च्या खाली गेली की थांबायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायची. चॉकलेट आणि बिस्किटाने शुगर हळू वाढते, ते नंतर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. हा नंबर राजस्थानात चालतो तसाच महाराष्ट्रातही. साखरेची पुडी उशीपाशी एकाच जागी ठेवा. साफसफाईत ती जागा बदलू नका, दिसत नसलेल्या माणसासाठी हलवलेली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू.

वयस्कर माणसाची शुगर कमी झाली की नेहमी घाम किंवा थरथर दिसेलच असं नाही. ते नुसते गप्प होतात, हट्टीपणा करतात, चालताना अडखळतात. म्हणून या वयात डॉक्टर शुगरचं लक्ष्य बऱ्याचदा थोडं सैल ठेवतात. आणि एकादशी असली तर उपवासाच्या आदल्या दिवशी डोस विचारून घ्या. न जेवता नेहमीचा डोस घेणं धोक्याचं.

जयपूरचा उन्हाळा आणि पाय

इथे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलं की फेकायचं. वापरातलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या खाली, आणि जयपूरच्या खोलीत मे-जूनमध्ये ३० अंश कुठून आणायचे? इथे माठ कामाला येतो. एका मोठ्या मातीच्या भांड्यात छोटं भांडं, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं. इन्सुलिन कोरड्या डबीत बंद करून आत ठेवायचं. हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडतं आणि आतला भाग गार राहतो. मुंबईच्या दमट हवेत याचा तितका उपयोग होत नाही, जुलैच्या पावसात इथेही नाही.

पायांचं मला सर्वांत जास्त भय वाटतं. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, आणि डोळ्यांनाही दिसत नसेल तर जखम झालीय हे कळायला मार्गच उरत नाही. आबा दर एकादशीला गोविंददेवजींच्या मंदिरात जातात. चप्पल बाहेर काढायची आणि तापलेल्या फरशीवरून चालायचं. गेल्या जूनमध्ये तळव्याला फोड आला होता, आम्हाला मोज्यावरच्या डागावरून कळलं. ज्या शहरात १९६८ मध्ये सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' बनवला, त्या शहरात पायाची किंमत कुणाला वेगळी सांगावी लागू नये. आता आबा उन्हाळ्यात पहाटेच्या मंगला आरतीला जातात, पायात जाड सुती मोजे. रोज रात्री आजी त्यांचे तळवे आणि बोटांमधली जागा टॉर्च लावून बघते.

रात्री साडेआठला आबा जेवणाच्या टेबलावर बसतात. सुई स्वतः लावतात, पेन स्वतः फिरवतात आणि माझ्यासमोर धरतात. मी नुसतं "हो" म्हटलेलं त्यांना चालत नाही. आकडा मोठ्याने म्हणायचा, असा त्यांचा नियम आहे, बँकेत कॅश मोजताना दोघांनी म्हणायचे तसा.

"चौदा?"

"आबा, सोळा झालेत. दोन मागे घ्या."

टिक, टिक.

"आता?"

"चौदा."

"चौदा," म्हणतात, आणि शर्ट वर करतात.