पिकअप, ॲव्हरेज आणि काळ्या मातीची धूळ

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे 11 किलो, म्हणजे 9 ते 10 हजार लिटर हवा लागते. परभणीहून जिंतूरला जाऊन येताना एखाद्या लहान मोटारीला 5 लिटर पेट्रोल लागत असेल, तर त्या एका फेरीत तिच्या इंजिनात 45 हजार लिटरांहून अधिक हवा शिरते, आणि ती हवा मळणीच्या दिवसांत सोयाबीनच्या भुसकटाने, वेचणीच्या दिवसांत कापसाच्या तंतूंनी व उन्हाळ्यात काळ्या मातीच्या पिठासारख्या धुळीने भरलेली असते. बॉनेटखालच्या ज्या पेटीतून आणि नळीतून ती आत ओढली जाते त्या व्यवस्थेला इनटेक म्हणतात. कंपनीची ही बंद पेटी काढून बाजारात मिळणारा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि रुंद नळी बसवली की गाडीचे पिकअप व ॲव्हरेज दोन्ही वाढतात, अशी समजूत हौशी गाडीमालकांत रूढ आहे. तिच्यातील पिकअपची बाजू काही अंशी खरी असली, तरी ॲव्हरेजची बाजू तपासणीत टिकत नाही.

आजच्या पेट्रोल गाडीत आत येणाऱ्या हवेचा अंदाज संवेदक, म्हणजे सेन्सर, घेतात आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल या प्रमाणात इंधन सोडतो, त्यामुळे हवा वाढली की तिच्यापाठोपाठ पेट्रोलही वाढते. शिवाय रोजच्या चालवण्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसतो आणि नळीतील थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवून धरत असते, म्हणून तिच्या अलीकडचा फिल्टर थोडा मोकळा किंवा थोडा तुंबलेला असल्याने इंधनात फरक पडत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या, तेव्हा इंजेक्शनच्या, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने इंधन सोडणाऱ्या, गाड्यांचे ॲव्हरेज जवळपास तसेच राहिले, मात्र वेग घेण्याच्या वेळेत 6 ते 11 टक्क्यांचा फरक दिसला. ‘फिल्टर बदलला की ॲव्हरेज सुधारते’ हे मिस्त्रींचे जुने वाक्य, ईसीयूऐवजी कार्ब्युरेटर हवेत इंधन मिसळत असे त्या काळात, खोटे नव्हते. गाड्या बदलल्या, वाक्य तेवढे मागे राहिले.

पिकअपचाही हिशेब परभणीच्या उन्हात वेगळा निघतो. हवा तापली की विरळ होते: 25 अंशांवरील हवेपेक्षा 45 अंशांवरील हवेत त्याच आकारमानात सुमारे 6 टक्के कमी वजन असते. कंपनीची नळी बहुधा पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेते, तर आडोसा न करता बसवलेला उघडा शंकू बॉनेटखालची, इंजिनने तापवलेली हवा ओढतो. मे महिन्यात ती 60 अंशांवर गेली, तर मोकळ्या नळीने दिलेले थोडेबहुत बळ ही उष्णताच काढून घेते. पेटीतील आवाज दाबणारे कप्पे गेल्यामुळे हवेचा घुमारा मात्र ऐकू येतो, गाडी जोरात ओढत असल्याचा भास होतो आणि पाय नकळत अधिक दाबला जातो. ॲव्हरेज घटते ते बहुतेक वेळा या पायामुळे.

खरा प्रश्न धुळीचा आहे. बाजारातील धुऊन पुन्हा वापरायचे अनेक फिल्टर तेल लावलेल्या सुती जाळीच्या थरांचे असतात (कापसाच्या जिल्ह्यात कापूसच विलायती वेष्टनात महाग होऊन परततो, हा भाग वेगळा). हवा मोकळी जावी म्हणून जाळी विरळ ठेवली की बारीक कणांनाही वाट मिळते. तेल जास्त झाले, तर काही गाड्यांत ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढून मोजमापच बिघडवते. कंपनीच्या पेटीतल्या कागदी फिल्टरवर मात्र थोडी धूळ बसली की तो थरच बारीक कण अडवू लागतो, म्हणून बेताने मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगले गाळतो, आणि दर आठवड्याला कॉम्प्रेसरने जोरात हवा मारून कागदाला न दिसणारी छिद्रे पाडणे हा उपाय दुखण्याहून वाईट ठरतो. आत गेलेले कण तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासतात; मग इंजिन तेल खाऊ लागते आणि सिलिंडरमधला दाब उतरतो. पांदणीतून व नांगरटीतून फिरणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांना धूळ तेलात बुडवून पकडणारे एअर क्लीनर दिले गेले, ते याच कारणाने.

पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल गाडीचे वेगळे: तिच्यात, विशेषतः टर्बोच्या पिकअप ट्रकमध्ये व जीपमध्ये, फिल्टर फार तुंबला तर हवा अपुरी पडून काळा धूर निघतो व चढावर दम लागतो. तिथे वेळेवर बदललेला साधा फिल्टर पुरेसा होतो.

बसवलेला फिल्टर कसा गाळतो हे पाहण्यासाठी इंजिन बंद असताना त्याच्या पलीकडची, इंजिनकडे जाणारी नळी सोडवून तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातकट पूड आली, तर माती पुढे सिलिंडरमध्येही गेलेली असते.